ओव्हर होतंय

आमच्या घरात इंग्रजी एकाच कामाला यायचं, आईला गप्प करायला. एरवी सगळा कारभार मराठीत. भाजी मराठीत करपायची, मार मराठीत मिळायचा. पण आईचा आवाज जरा चढला, हात जरा हवेत गेले, की बाबा उठून खिडकी लावायचे आणि दबक्या आवाजात म्हणायचे, "ओव्हर होतंय."

हे शब्द त्यांनी तालमीतून आणले होते. बाबा अंबरनाथच्या एका कारखान्यात फिटर होते आणि कामगारांच्या नाट्यस्पर्धेत दरवर्षी काम करायचे. नाटक बसवायला बाहेरून एक दिग्दर्शक यायचा. शेताच्या या बांधावरून त्या बांधावर हाक मारत वाढलेल्या माझ्या बापाचा आवाज त्या माणसाला सोसवेना. "लाउड होतंय," "ओव्हरॅक्टिंग नको," "किती मेलोड्रामा कराल!" हे सगळं बाबांनी सगळ्यांदेखत ऐकून घेतलं. एका वर्षी तर मोठी भूमिका काढून घेऊन त्यांच्या हातात निरोप्याचं काम ठेवलं. पात्राने रडायचं नसतं, प्रेक्षकाने रडायचं असतं, असं तो दिग्दर्शक म्हणायचा. बाबांनी ते गुरुमंत्रासारखं घरी आणलं. तिथला अपमान तिथे गिळला आणि वड्याचं तेल वांग्यावर काढलं.

वांगं म्हणजे माझी आई. जांभूळ गावाच्या बाजूच्या एका खेड्यातली, आगऱ्यांची लेक. बाबाही आगरीच, पलीकडच्या गावचे, पण राहायला कंपनीचं क्वार्टर मिळाल्यापासून ते विसरायच्या प्रयत्नात होते. आईच्या मात्र अंगातच सोंग होतं. दूध उतू गेलं तर ती दुधाला जाब विचारायची. उल्हासनगरच्या बाजारात कापड घ्यायला गेलो की भाव ऐकताच कपाळाला हात लावून ती गल्ल्यासमोर मटकन बसायची. "अरे देवा! सेठ, इसमें सोने का तार डाला है क्या?" सिंधी सेठ एकदम खूश. "बैठो भाभी, पहले चाय पियो, बाद में लडना." शेजारच्या दुकानातली माणसंसुद्धा हिचा खेळ बघायला डोकावायची. बाबा तेवढे बाहेर उभे राहून, कारखान्यातलं कुणी दिसतंय का ते बघत राहायचे.

"सीन क्रिएट करू नकोस," एकदा ते तिथेच म्हणाले.

"म्हणजे काय ओ?" आईने हसत विचारलं. तिला वाटलं, काहीतरी कौतुकाचं असेल.

"तमाशा," बाबा म्हणाले.

त्यानंतर कापड बाबा सांगतील त्या भावाने यायला लागलं. आईने भांडण केलं नाही, रुसलीही नाही. नवरा चार लोकांत वावरतो, त्याला कळत असेल, असं तिला मनापासून वाटलं आणि ती आज्ञाधारक मुलीसारखी शिकत गेली. हात मांडीवर ठेवायला शिकली, हसताना पदर तोंडावर धरायला शिकली. दूधसुद्धा मुकाट्याने उतू जायला लागलं.

मग आजी गेली, माझ्या आईची आई. मी तेव्हा हायस्कूलमध्ये होते.

आईच्या गावात माणूस गेलं की बायका गाऊन रडायच्या. गेलेल्याला हाक मारायची, त्याचं एकेक आठवायचं, त्याने लावलेला आंबा, त्याने केलेल्या भाकऱ्या, त्याचा तिरसट स्वभावसुद्धा. हे कुणी पाठ केलेलं नसतं. त्या घडीला तोंडात येतं ते खरं. नियम एकच. आई गेली तर पहिली हाक लेकीची. तिने तोंड उघडेपर्यंत बाकी बायकांनी हुंदका गिळायचा, कारण तो लेकीचा मान. आणि आई आजीची एकुलती एक लेक होती.

गावाकडे जाताना बाबा रिक्षात म्हणाले, "माझ्यासाठी म्हणून कारखान्यातले दोघं येतायत. तिकडे मेलोड्रामा नको. डिग्निफाइड राहा." आईने मान हलवली. तिला त्यातलं किती कळलं देव जाणे, पण सूर कळला.

आजीला ओटीवर ठेवलं होतं. बायका पदर घेऊन गोल बसल्या होत्या, तयारीत. आई आत आली आणि आजीच्या उशाशी बसली. मी तिला चिकटून बसले होते. तिने तोंड उघडलं, मग अंगणाकडे बघितलं. तिथे बाबा त्या दोन पाहुण्यांबरोबर उभे होते, पांढऱ्या शर्टात, हात मागे बांधून. आईने तोंड मिटलं.

बायका थांबल्या. आजीची धाकटी बहीण पुढे सरकली, आईच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "रर गो बाय, रर. आय वाट बघतंय तुजी." रड म्हणत होती. आईने पुन्हा तोंड उघडलं. आवाज आलाच नाही.

अंगणात तिरडी बांधून झाली. पुरुष आत आले. आजीला उचललं तरी ओटीवर कुणी रडलं नव्हतं. जन्मभर दुसऱ्यांच्या मयताला गळा मोकळा करणारी माझी आजी मुकी गेली. मागून कुणीतरी म्हणालं, "कंपनीवाली झाली, दगर झाली." दगड हा शब्द आईने ऐकला. मीही ऐकला.

परतताना बाबा म्हणाले, "ग्रेसफुल वाटलीस हो." त्यांना खरंच तसं वाटलं होतं, हे त्यातलं सगळ्यात वाईट. आई रस्त्याकडे बघत राहिली. त्या दिवसापासून मी बापाचा राग केला, अगदी पोटातून केला, आणि तो पुढे कितीतरी वर्षं नेमाने जपला.

बाबांना अर्धांगवायू झाला तेव्हा आम्ही बदलापूरला ब्लॉक घेऊन राहत होतो. नव्वदचं दशक संपत आलं होतं. उजवी बाजू गेली, बोलणं चार-सहा शब्दांवर आलं आणि रडणं मात्र सुटलं. डॉक्टर म्हणाले, मेंदूचा लगाम ढिला झालाय, मनावर घेऊ नका. चहा आला की बाबा रडायचे. टीव्हीवर कुणी आउट झालं की रडायचे. तेही मुळूमुळू नाही, भोकाड पसरून, त्या दिग्दर्शकाला न सोसलेल्या पूर्ण आवाजात. जिन्यातले लोक थबकायचे. मी उठून खिडकी लावायचे. 'ओव्हर होतंय' हे माझ्या जिभेच्या टोकावर असायचं. आई म्हणेल म्हणून मी वाट बघायचे. ती कधीच म्हणाली नाही. ती पदराने त्यांचं तोंड पुसायची आणि हातातल्या कामाला लागायची.

एका दुपारी आई तांदूळ निवडत होती. मला सुट्टी होती म्हणून मी घरी होते. बाबा बराच वेळ तिच्याकडे बघत होते. मग वाकड्या तोंडाने, शब्द ओढून काढत म्हणाले, "तुजी आय." थोडं थांबून पुन्हा, "तुजी आय. म्हन." इतकी वर्षं विसरू पाहिलेली गावची बोली तेवढी त्यांच्याकडे उरली होती.

मला काही कळेना. आईला कळलं. तिने सूप बाजूला सरकवलं, पदर डोक्यावर घेतला, आणि समोर कुणी नसलेल्या जमिनीकडे बघून हाक मारली.

"आये गो..."

असा आवाज मी तिचा कधी ऐकला नव्हता. आम्ही दोघं थांबलो, तेव्हा बायका थांबल्या होत्या तसे. आईचे ओठ हलत राहिले. तिने पुन्हा "आये गो" म्हटलं, पण या वेळी ते साधं बोलल्यासारखंच आलं. मग तिने पदर खाली घेतला.

"ते तेव्हाच यायचं असतं," ती मला म्हणाली. "आता नाय येत."

बाबांनी रडायला सुरुवात केली. आजारातलं नेहमीचं रडणं की सासूसाठीचं, हे मला आजही सांगता येणार नाही. पण सगळी इमारत ऐकेल इतक्या मोठ्याने ते रडत होते. सवयीने मी खिडकी लावायला उठले.

"राहू दे उघडी," आई म्हणाली.