बायोडाटातली उंची आणि देवळाची पायरी

मैत्रिणींनो, आज लग्नासाठी मुलाला भेटायला आम्ही गेलो होतो. बायोडाटात आईनं माझी उंची दोन इंच वाढवून लिहिलीय, म्हणून मावशीनं जाड टाचांचे ब्लॉक हील आणले. साडीखाली कळतही नाय.

भेट ठरली हर्सूलला, देवीच्या देवळात. तिथं चपला बाहेर काढाव्या लागतात, हे आमच्या घरात एकालाही सुचलं नाय!

पायरीशी मी हील काढले अन् आईचा चेहराच उतरला. तेवढ्यात मुलानं जाड सोलचे बूट काढले. तोही माझ्याएवढाच खाली आला. त्याची आई घाईघाईनं म्हणाली, "चला, आधी दर्शन घेऊ."

आम्ही दोघंच हसलो.

लग्नाचं अजून काही ठरलं नाय. पण आज पहिल्यांदा कुणीतरी मला माझ्याच उंचीत बघितलं.

खरं सांगा, तुमच्या बायोडाटात आईचे किती इंच होते?