सारजाबाईची चंद्री आणि माळावरचे पंखे

सारजाबाईचं माळावरच्या पवनचक्क्यांशी भांडण होतं, आणि ते तिनं कधी लपवून ठेवलं नव्हतं. परंड्याहून फार लांब नाही अशा त्या नदीकाठच्या गावात खव्याची भट्टी तिची एकटीचीच. भट्टीपुढं बसलं की समोर माळ दिसायचा, आणि माळावर ते उंच पांढरे खांब, प्रत्येकाला तीन-तीन पाती. कढईतलं दूध ढवळता ढवळता ती त्यांच्याकडं बघायची आणि तोंडाला येईल ते बोलायची. आभाळ भरून येतं, वारा सुटतो, पंखे गरगरायला लागतात आणि ढग तसेच पुढं निघून जातात, हे तिनं स्वतःच्या डोळ्यांनी कितीदा तरी पाहिलं होतं. पंखे ढग पळवतात, ही गोष्ट तिच्या लेखी इतकी उघड होती, की यावर वाद घालणाऱ्याचीच तिला कीव यायची.

आणि वाद घालणारा तर रोज सकाळी दुधाची किटली घेऊन दारात उभा. जैनोद्दीन हा त्याच पवनचक्क्यांचा राखणदार. सारजाबाईच्या नवऱ्याचा लहानपणापासूनचा दोस्त. नवरा जाऊन वर्षं लोटली तरी तो तिला वैनी म्हणायचा आणि ती त्याला भावजी. त्याचं म्हणणं असं, की पंखे वाऱ्यानं फिरतात, वाऱ्याला फिरवत नाहीत. धूर मात्र तुमच्या भट्टीतून रोज वर जातो, आणि काठावरच्या बाभळी तुमच्याच चुलीत गेल्या. ऊन वाढलं ते तुमच्यामुळं. कंपनीच्या साहेबानं तसं सांगितलं होतं म्हणे. यावर सारजाबाईचं उत्तर ठरलेलं होतं. तिची सासू आणि सासूची सासू याच जागेवर भट्टी पेटवत होत्या आणि तेव्हा पाऊस मुकाट्यानं वेळेवर यायचा. पंखे आले परवा. किटली भरली की वाद थांबायचा, संपायचा नाही.

गावातही दोन तट होतेच, शिवाय तिसरे, चौथे. कुणी मोबाइलच्या टॉवरवर ठपका ठेवायचं, कुणी बारमाही उसावर, कुणी माणसांच्या वागण्यावर. सारजाबाईची सून दीपमाला बारावी शिकलेली. नवरा पुण्याला कंपनीत असल्यामुळं घर, म्हशी आणि सासू हे तिघंही तिच्याच गळ्यात. तिनं एकदा भाकरी थापता थापता समजावून सांगितलं, की सगळ्या जगाच्याच गाड्या, कारखाने आणि कोळसा यांच्या धुरानं हवा तापलीय. तापलेली हवा पाणी जास्त धरून ठेवते, म्हणून महिना महिना थेंब पडत नाही आणि मग एका दिवसात सगळं ओतून मोकळं होतं. सारजाबाईनं ते पूर्ण ऐकून घेतलं. मग म्हणाली, सगळ्या जगानं केलं म्हणजे कुणीच केलं न्हाय म्हण की. दीपमालानं पुढची भाकरी तव्यावर टाकली.

ऊन वाढलंय, याबद्दल मात्र कुणाचंच दुमत नव्हतं. विशेषतः म्हशींचं. म्हशीचं अंग काळं, घाम जेमतेम, आणि डुंबायला नदीत डोह उरला नाही. सारजाबाईच्या चार म्हशींत चंद्री सगळ्यांत लाडकी, कपाळावर पांढरा टिळा असलेली. सलग दोन उन्हाळे ती माजावरच आली नाही. सारजाबाईनं तिच्या पाठीवर ओली पोती टाकली, दुपारी विहिरीचं पाणी ओतलं, डॉक्टरला बोलावून सुया दिल्या, देवीला नवस बोलूनही झालं. म्हैस गाभण राहीना. लोक म्हणाले, बाजार दाखवा, भाकड म्हैस कशाला पोसता. सारजाबाई त्यांच्याशी दोन-दोन दिवस बोलली नाही. शेवटी एका दिवाळीनंतर, थंडी पडल्यावर, चंद्री गाभण राहिली. सारजाबाईनं त्या दिवशी गल्लीत पेढे वाटले, आणि पेढे खात जैनोद्दीन म्हणाला की यात तरी पंख्यांचा दोष नसावा.

चंद्रीचे दिवस भरत आले तसा सारजाबाईचा जीव टांगणीला लागला. शेजारच्या गावात गोठ्यातून जनावरं चोरीला गेल्याचं कानावर आलं, तेव्हा तिनं परंड्याच्या बाजारातून चांगली जाड साखळी आणली. बाकीच्या तिघी दाव्याला, आणि चंद्री साखळीला, लोखंडी खुंट्याशी. कुलूप लावून चावी कमरेला. दीपमालाला ते पटलं नव्हतं, पण सासूपुढं बोलायची सोय नव्हती.

पुढच्या वर्षी भाद्रपद सरता सरता पाऊस जो लागला तो उघडेना. सारजाबाईनं आपलं म्हणणं जराही न बदलता फक्त फिरवून घेतलं. आता म्हणे पंख्यांनी दुसऱ्यांच्या वाट्याचे ढग ओढून आणले होते. जैनोद्दीन भिजलेली टोपी पिळत म्हणाला, "वैनी, पळिवत्यात का आनत्यात, येक कायतरी ठरवा." सारजाबाईनं त्या दिवशी त्याच्या किटलीत दूध जरा हात आखडूनच घातलं.

घटस्थापना तोंडावर होती. नवरात्रात खव्याला मागणी असते, म्हणून पाऊस असला तरी भट्टी बंद नव्हती. त्या सकाळी कढईत दूध पडलं, जाळ चढला आणि दूध आटून घट्ट व्हायला लागलं, तेव्हाच वरच्या अंगाला माणसांचा गलका ऐकू आला. नदीचं पाणी गावात शिरलं होतं. जैनोद्दीन माळावरून पळत खाली आला होता, त्याला वरून पाणी पसरताना दिसलं होतं. तो दारादारांत ओरडत सारजाबाईच्या भट्टीपाशी पोचला आणि म्हणाला, उठा, माळावर चला.

आता खव्याचं असं असतं, की दूध घट्ट व्हायला लागलं की उलथणं थांबवता येत नाही. हात थांबला की बुडाला लागलं, आणि बुडाला लागलं की अख्खी कढई गेली. ज्या बाईनं जन्मभर एकही कढई लागू दिली नाही, तिच्या हातालाच ते ठाऊक होतं, डोक्याला विचारायची गरज नव्हती. सारजाबाई म्हणाली, एवढा घाणा निघू द्या, आलेच. नदी दरवर्षी वेशीपर्यंत येते आणि मागं जाते, हेही तिनं ऐकवलं. आणि ती ढवळत राहिली. पाणी अंगणात आलं, तरी ढवळत राहिली. भट्टीच्या तोंडात पाणी शिरून जाळ फस्सदिशी विझला, तेव्हा कुठं तिनं मान वर केली. खवा तयार होता, आणि खालच्या अंगाच्या गोठ्यात म्हशींच्या पोटाला पाणी लागलं होतं.

ती तशीच पाण्यातून गोठ्यात शिरली. कमरेची चावी पाण्यात, कुलूप पाण्याखाली, आणि घाईत चावी हातातून निसटली ती निसटलीच. बाकीच्या दारांत सांगून परत आलेला जैनोद्दीन विळा घेऊन गोठ्यात घुसला. दुसऱ्याच्या दावणीला मालकानं सांगितल्याशिवाय हात लावायचा नाही, हा या भागातला रिवाज सगळे पाळतात, त्यामुळं कितीतरी भांडणं टळली आहेत. सारजाबाई ओरडत होती की कापू नका, गाभण म्हैस पाण्यात सोडू नका, ती वाहून जाईल. त्यानं एकेक करून तिन्ही दावी कापली. मग साखळीशी झटला, ती काही तुटेना. शेवटी त्यानं भिजून सैल झालेल्या जमिनीतून अख्खा खुंटाच हलवून हलवून उपटला आणि चंद्रीच्या पाठीवर थाप मारली. चारी म्हशी पाण्यात उतरल्या. चंद्रीच्या मागं साखळी आणि साखळीला खुंटा. नाकं वर काढून त्या गेल्या, आणि पावसाच्या पडद्याआड दिसेनाशा झाल्या.

दीपमालानं सासूला दंडाला धरून ओढलं. सारजाबाई खव्याचं पातेलं डोक्यावर घेऊनच निघाली. का घेतलं, हे तिलाही सांगता आलं नसतं.

सारं गाव माळावर चढलं ते पवनचक्क्यांसाठी केलेल्या रस्त्यानं. मुरूम घालून दाबलेला तो रुंद रस्ता तेवढा घट्ट होता, बाकी सगळीकडं गुडघाभर चिखल. वर कंपनीची एक मोठी शेड होती, ती जैनोद्दीननं उघडून दिली. साहेबाला विचारलं का, असं कुणीतरी म्हणालं, तर तो म्हणाला, पाणी उतरल्यावर विचारतो. शेडमध्ये माणसं दाटीवाटीनं बसली आणि थोड्या वेळात, अंगावरचे कपडे वाळायच्या आतच, वाद सुरू झाला. हे कुणामुळं झालं? धरणाचं पाणी सोडलं म्हणून. टॉवर. ऊस. नदीत केलेली अतिक्रमणं. दीपमालानं पुन्हा हवेचं सांगितलं, आणि या वेळी दोन-चार माणसांनी ते मान हलवत ऐकलं, कारण एका दिवसात सगळं ओतणं म्हणजे काय ते बाहेर दिसतच होतं. पोरं भुकेनं रडायला लागली, तेव्हा सारजाबाईनं पातेल्यावरचं फडकं काढलं. प्रत्येकाच्या हातावर तिनं खव्याचा गोळा ठेवला, आणि खाईपर्यंत तरी कुणी कुणाला दोष दिला नाही. फक्त जैनोद्दीनपाशी आली तेव्हा ती त्याला ओलांडून पुढं गेली. दीपमालानं मागाहून आपल्या वाट्यातला अर्धा त्याला दिला.

दिवसभर ती त्याच्याशी बोलली नाही. मनात एकच चित्र होतं: खुंटा कुठंतरी झाडाच्या बुंध्यात अडकलेला, साखळी ताणलेली आणि चंद्रीचं नाक पाण्याखाली. साखळी आपणच आणली, कुलूप आपणच लावलं आणि उठायच्या वेळी आपणच उठलो नाही, हे तिला कळत होतं. म्हणून तर राग येत होता. तो कुणावर तरी काढायला हवा होता आणि जैनोद्दीन समोर होता.

दुसऱ्या दिवशी पाणी उतरलं आणि माणसं खाली गेली. सारजाबाई गल्लीतून चालली तेव्हा तिला ते दिसलं. गल्लीतल्याच शिवलिंगप्पांच्या गोठ्यात सगळी जनावरं जिथल्या तिथं, दाव्याला बांधलेली, मेलेली. पलीकडच्या गोठ्यातही तसंच. सोडायला कुणी पोचलं नव्हतं, किंवा दुसऱ्याच्या दाव्याला हात कसा लावायचा म्हणून पुढं झालं नव्हतं. दाव्यानं जनावर घरात राहतं एवढंच तिला आजवर ठाऊक होतं. शिवलिंगप्पा उंबऱ्यावर बसून होते. ती त्यांच्याशेजारी बराच वेळ बसली, आणि मग आपल्या रिकाम्या गोठ्याकडं गेलीच नाही, परत माळाकडं वळली.

धारेची वेळ झाली होती. मुरमाच्या रस्त्यावर तिला तीन काळ्या पाठी दिसल्या. चिखलानं माखलेल्या, एकीमागं एक, घाई न करता तिच्या तीन म्हशी चालत येत होत्या, जणू रोजच्यासारख्या चरून आल्या. सारजाबाई मटकन खाली बसली आणि मोठ्यानं रडली. मग डोळे पुसून मोजायची गरज नसताना तिनं पुन्हा बघितलं. चंद्री नव्हती.

तेवढ्यात माळाच्या पलीकडच्या उतारावरून जैनोद्दीनची हाक आली. ती धावली. या वयात ती धावते हे मागून आलेल्या दीपमालानं पहिल्यांदाच पाहिलं. शेवटच्या पवनचक्कीच्या बुडाशी तारेचं कुंपण आहे. चंद्री उतार चढून तिथवर आली होती, आणि मागं फरफटणारा खुंटा कुंपणाच्या तारेत अडकून बसला होता. जिथं अडकला होता तिथं जमीन कोरडी होती. वर पंखा शांतपणे फिरत होता आणि खाली चंद्री आपल्या रेडकाला चाटत होती. रेडा नव्हे, वगार होती, कपाळावर आईसारखाच टिळा. पाय अजून लटपटत होते, पण उभी होती.

सारजाबाईच्या जिवात जीव आला. ती चंद्रीच्या गळ्यात पडली, वगारीचं नाक पुसलं, तिला आचळाला लावलं, पुन्हा चंद्रीच्या गळ्यात पडली. दोन उन्हाळ्यांची काळजी तिच्या अंगावरून उतरली. दीपमाला हसत होती आणि रडतही होती. जैनोद्दीन जरा लांब उभा राहून कुंपणातून खुंटा सोडवत होता, आणि मुद्दामच वर बघत नव्हता.

पुढच्या दोन दिवसांत भट्टीतला गाळ निघाला. चिकाचा खरवस झाला तेव्हा पहिलं ताट सारजाबाईनं पदराखाली झाकून जैनोद्दीनच्या घरी स्वतः नेलं. त्याची बायको बिबीजान दारातच भेटली, तिनं आत बसवलं. जैनोद्दीननं खरवसाचा तुकडा तोंडात घातला आणि दुसऱ्यासाठी हात पुढं केला, तेव्हा सारजाबाईनं विषय काढला.

"पंखं ढग पळिवत्यात, ह्ये म्या अजून म्हनते," ती म्हणाली. "त्यात फरक न्हाय."

"म्हना की," जैनोद्दीन म्हणाला. "धुराचं म्याबी म्हननारच हाय."

"म्हना." सारजाबाईनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "पर भावजी, म्या तर बांधून ठिवली हुती. तुमी सोडली."

बिबीजाननं ताट धुवून त्यात मूठभर साखर घातली, कारण रिकामं ताट परत द्यायचं नसतं. घरी आल्यावर सारजाबाईनं दीपमालाला नवी दावी आणायला सांगितली, आणि साखळी भंगारात घातली. त्या दिवसापासून तिच्या गोठ्यात सगळ्या म्हशींना सरकगाठ असते, टोक ओढलं की सुटणारी. टोक रस्त्याच्या बाजूला लोंबतं, येणाऱ्या-जाणाऱ्या कुणाच्याही हाताला लागेल असं. बघता बघता गल्लीत सगळ्यांनीच तशी गाठ मारायला सुरुवात केली, शिवलिंगप्पांनीही, नवी म्हैस आणल्यावर.

जैनोद्दीन अजून रोज सकाळी किटली घेऊन येतो आणि रोज वाद होतो. सारजाबाई दूध मोजून घालते, मग त्याचं लक्ष नसताना वर आणखी थोडं ओतते.