परिमितीचा तास

बंगळुरूच्या एचएसआर लेआउटमधल्या आमच्या सोसायटीत मी दर शनिवारी चौथीतल्या मराठी मुलांना गणित शिकवते. भागाकारात सांगण्यासारखं काही घडत नाही. पण परिमिती सुरू झाली, की घरी आल्या आल्या नवरा विचारतो, "आज काय?"

पहिल्याच तासाला मी म्हटलं, "टेबलाच्या कडेकडेनं मुंगी पूर्ण चक्कर मारते. ती जेवढं चालली, तेवढी परिमिती."

अन्वीनं विचारलं, "काकू, तिला जायचंय कुठे?"

"कुठेच नाही. निघाली तिथेच परत येणार."

"मग निघाली कशाला?"

तेजस आयताच्या दोनच बाजूंची बेरीज करायचा. लांबी सहा, रुंदी चार, उत्तर दहा.

"अरे, उरलेल्या दोन?"

"त्यांच्यावर आकडाच नाहीये, काकू. त्यांना उगाच कसं मध्ये घेऊ?"

अन्वीचे बाबा नागपूरचे, आयटीत. एकाच दोरीचे वेगवेगळे आकार करायचा गृहपाठ होता, तेव्हा त्यांनी घरी तिला ठासून सांगितलं, "दोरी तेवढीच, म्हणजे आतली जागाही तेवढीच." अन्वीनं गाठ मारलेली दोरी जमिनीवर ताणून अगदी चिंचोळी केली आणि म्हणाली, "बाबा, बसा यात." नंतर लिफ्टमध्ये ते मला म्हणाले, "मॅडम, मी आता गणितात बोलत नाही."

एकदा मुलं टेप घेऊन बागेच्या कडेनं मापं घेत होती. सिक्युरिटीचे अण्णा बघत होते. हळूच जवळ येऊन म्हणाले, "मॅडम, गार्डन बिक गया क्या?" संध्याकाळपर्यंत सोसायटीच्या ग्रुपवर बिल्डरच्या नावानं शिमगा सुरू झाला होता.

आणि इरा. पुण्याहून नुकतीच आलेली. वर्गात यायची, वहीत सगळं बरोबर लिहायची, पण तोंडातून शब्द नाही. खाली खेळायलाही उतरायची नाही. तिची आई काळजीत होती. मला म्हणायची, "घरी नुसती खिडकीत बसते हो."

त्या शनिवारी मी मुलांना बंद पडलेल्या गोल कारंज्यापाशी नेलं. "टेप नाही, पट्टी नाही. हात धरून कडं करा आणि परिमिती सांगा." सातही जणांनी हात ताणले, तरी फट राहिली. इरा बाकाजवळ उभी होती.

तेजस ओरडला, "इरा, ये ना लवकर, हात दुखतायत!"

ती क्षणभर थांबली. मग धावत आली आणि दोन्हीकडचे हात धरले. कडं पूर्ण झालं.

"बोला, परिमिती किती?"

"सात मुलं," तेजस म्हणाला.

"आठ," इरा म्हणाली. "मला धरून."