वाचनालयातला खोकला

माझी आत्या वाचनालयात शिपाई आहे. सकाळी टेबलावर पेपर मांडायचे आणि दिवसभर डोळ्यांत तेल घालून त्यांची राखण करायची, हे तिचं काम. कारण वाचक एकेक बिलंदर! मोठ्याने खोकायचे आणि त्या आवाजात नोकरीची जाहिरात टरकन फाडून खिशात घालायचे. मग आत्या कडाडायची, "बापाचा माल समजलात का? मागून येणाऱ्याने काय भोक वाचायचं?"

आता जाहिराती फोनवरच येतात, त्यामुळे खोकणारे फिरकत नाहीत. संध्याकाळी घडीही न मोडलेले पेपर उचलताना आत्या चिडते, "मेल्यांनो, निदान खोकायला तरी या!"

परवा मी तिला डबा द्यायला गेले, तेव्हा वाचनालयात चिटपाखरू नव्हतं. टेबलावर जाहिरातींचं पान सगळ्यात वर काढलेलं होतं आणि शेजारी तिची घरची कात्री होती.

"आत्या, ही इथे कशाला?"

"असू दे. हाताने फाडलं की शेजारची बातमीही तुटते," ती दाराकडे बघत म्हणाली.

तेवढ्यात मला खरोखरच ठसका लागला. आत्याने कात्री हळूच माझ्याकडे सरकवली आणि मुद्दाम तोंड फिरवून उभी राहिली.