पित्ताची पिशवी कुठून काढणार?

पित्ताशय काढायला मला साधारण पाऊण तास लागतो. ते समजावून सांगायला त्याहून जास्त! नसरापूरला आमचं छोटं हॉस्पिटल आहे, मी तिथली सर्जन. सोनोग्राफीचा रिपोर्ट घेऊन माणूस समोर बसला, की मी कागदावर पोट काढते, लिव्हर काढते, त्याखाली एक पिशवी आणि पिशवीत खडे. मग सांगते, "दोन पद्धती आहेत. एक दुर्बिणीची, चार छोटी भोकं पाडून. दुसरी उघडी, बरगडीखाली मोठी चीर देऊन. आता विचारा काय विचारायचं ते."

आणि लोक विचारतात! किस्से सगळे तिथंच जमतात.

*

वरव्याचे एक टेम्पोवाले काका. दुर्बीण नकोच म्हणून हटून बसले.

"मॅडम, बॉनेट न उघडता इंजिनचं काम कोण करतं? तुमी आपलं नीट उघडून बघा!"

"काका, आत कॅमेरा जातो. समोर टीव्हीवर सगळं मोठं करून दिसतं."

काका विचारात पडले. "रेकॉर्डिंग मिळतं का?"

मिळतं म्हटल्यावर लगेच तयार! टाके दाखवायला आले तेव्हा सांगत होते, टेम्पो स्टँडवर सगळ्यांनी व्हिडिओ बघितला.

"मग काय म्हणाले लोक?"

"काय म्हणत्यात! म्हणाले, भायेरनं बघून वाटत न्हाई, पर आतनं बरा दिसतोस!"

*

"खडे तेवढे काढा, पिशवी राहू द्या," हे तर रोजचंच. मुतखड्यासारखं ते नसतं. पिशवी ठेवली तर तिच्यात पुन्हा खडे होतात. पण एका आजींना ते पटेना.

"देवानं दिलीया म्हंजी कायतरी कामाची असंल की!"

मी म्हटलं, "आजी, पित्त तयार करतं लिव्हर. पिशवी नुसती साठवून ठेवते."

"म्हंजी कणगीच की! कणगी काढल्यावर माल ठेवायचा कुठं?"

"ठेवायचाच नाही. लिव्हरमधून थोडं थोडं थेट आतड्यात जातं."

आजींच्या चेहऱ्यावर एकदम उजेड पडला. "आस्सं! रोजचं आणायचं, रोजचं खायाचं. पुण्यातल्या माझ्या सुनंवानी!"

*

दुर्बिणीसाठी पोट गॅसनं फुगवावं लागतं. त्यामुळे नंतर एखाद-दोन दिवस खांदा दुखतो. आम्ही आधी सांगतो, पण त्या वेळी कोणाचं लक्ष असतं?

भोरच्या एका मामी शुद्धीवर आल्या आल्या नवऱ्यावर कडाडल्या, "पोटाचं आपरेशन आन दुखतोय खांदा! तुमी रिपोर्ट माझाच दिला व्हता न्हवं?"

*

वेल्ह्याच्या वरच्या अंगाला धनगरवाडा आहे, तिथले एक बाबा. सगळा जन्म शेळ्यामेंढ्यांत गेलेला. माझ्या चित्राकडं त्यांनी नुसती नजर टाकली.

"बोकड सोलताना ही पिशवी फुटली, की समदं मटान कडू व्हतं. तुमच्या हातनं फुटत न्हाई न्हवं?"

खोटं कशाला बोला? "कधी कधी फुटते, बाबा. मग आम्ही आतून स्वच्छ धुऊन घेतो."

"आमी बी धुतो," बाबा म्हणाले. "कडूपणा जात न्हाई!"

ऑपरेशन छान झालं. दुसऱ्या दिवशी राउंडला गेले, तर त्यांच्या मंडळींनी मला हळूच बाजूला घेतलं.

"बाई, खरं सांगा. पिशवी फुटली व्हती का वो?"

"नाही हो! का?"

"मग सकाळधरनं एवढं कडू का बोलत्यात?"

*

आंबवड्याच्या पारूमावशी नवऱ्याबरोबर आल्या होत्या. प्रश्न सगळे नवराच विचारत होता. मावशींच्या पित्ताशयाला बरीच सूज होती, म्हणून मी दोघांना स्पष्ट सांगितलं, "सुरुवात दुर्बिणीतून करू. पण आत फार चिकटलेलं असलं, पित्ताची नळी नीट ओळखू आली नाही, तर पोट उघडावं लागेल. त्यात हार नाही, तेच जास्त सुरक्षित."

"उघडायचं न्हाई," नवरा म्हणाला. "भात काढणीला आलाय. दुर्बिणीनं केलं तर कामाला कधी लागंल?"

"आठवड्या-दोन आठवड्यांत."

"आन उघडलं तर?"

"महिना-दीड महिना आराम."

"बघा, म्हंजी दुर्बिणीनंच!"

ऑपरेशनच्या दिवशी थिएटरच्या दारात मावशींनी माझा हात घट्ट धरला. मला वाटलं, घाबरल्या.

"काळजी करू नका मावशी. होता होईल तो दुर्बिणीतूनच काढते."

त्यांनी आधी मागं वळून नवरा कुठं आहे ते बघितलं. मग अगदी हळू म्हणाल्या, "बाई, अडकलं तर लई वढाताण करू नका."

पित्ताशय खरंच चिकटलेलं होतं. पण हळूहळू सुटत गेलं, आणि दुर्बिणीतूनच निघालं.

दुसऱ्या दिवशी नवरा खुशीत होता. "चारच भोकं! मग मॅडम, कामाला कधी लावायची?"

मावशी भिंतीकडं तोंड करून पडल्या होत्या.

"दीड महिन्यानं," मी म्हटलं.

"आँ? पर ते तर उघडल्यावर न्हवं?"

"आतून उघडलंय!"