पेटंटचा वाढदिवस

"श्री. अच्युत भाऊराव मोहरील, वय वर्षे एकाहत्तर, राहणार दीक्षितपुरा, जबलपूर. आयटीआयचे निवृत्त निदेशक, फिटर ट्रेड. शिंगाडा सोलण्याच्या यंत्राचे जनक व त्यावरील भारत सरकारच्या पेटंटचे एकमेव धारक. सदर यंत्रावरील त्यांचा अनन्य हक्क दिनांक १४ ऑगस्ट २०३३ पर्यंत अबाधित असून मंडळास त्यांचा सार्थ अभिमान आहे."

हा मजकूर मराठी मंडळाने २०२४च्या पाडव्याला दिलेल्या मानपत्रातला. यातलं नाव, वय आणि पत्ता बरोबर आहे.

यंत्राचं मूळ अच्युतरावांच्या पत्नी नर्मदाबाईंच्या नखांत होतं. उपासाचे शिंगाडे सोलून दर हंगामात त्यांची बोटं काळी पडत आणि एखादं शिंग हमखास नखाखाली जाई. अच्युतरावांनी निवृत्तीच्या आधीच्या वर्षी दोन रबरी रोलर, एक तिरकं पातं आणि जुन्या शिलाई मशीनचं पायडल जुळवून ती भानगड संपवली. शिंगाडा शिंगांनी धरायचा, ही त्यातली खरी अक्कल. आतापर्यंत सगळं जग त्याला पोटाशी धरत होतं.

पेटंट घ्यायची कल्पना तनयची. तनय म्हणजे कांचघर मोहल्ल्यातल्या दिवंगत मित्राचा मुलगा, नव्याने इंजिनियर झालेला. अर्ज इंग्रजीत, तो त्यानेच भरला. पत्रव्यवहारासाठी फोन आणि ईमेल स्वतःचा दिला.

"काका, तुम्ही तर मेल पाहतच नाही ना जी."

हे खरं होतं. अच्युतराव मेल पाहत नसत.

अर्ज १४ ऑगस्ट २०१३ला गेला. नर्मदाबाईंनी ती तारीख वाढदिवस म्हणून धरली. प्रमाणपत्र यायला सहा वर्षं लागली, तोवर त्या अर्जाच्या पावतीला कुंकू लावून ओवाळत. दर चौदा ऑगस्टला तनय खोव्याची जलेबी घेऊन जेवायला येई. एकही वर्ष चुकला नाही.

२०१९मध्ये प्रमाणपत्र आलं. लोक म्हणत, चला, आता वीस वर्षं चिंता नाही, २०३९पर्यंत. अच्युतरावांना चुकीचं माप सहन होत नसे.

"कायचं २०३९? अर्ज टाकला तिथून मोजतात. सहा वर्षं तर दफ्तरातच गेली. तेहतीसला मी ऐंशीचा होतो. आता मी आधी जातो का पेटंट, पाहू."

प्रमाणपत्राची फ्रेमही तनयनेच करून आणली. आत चहूबाजूंनी सोनेरी पुठ्ठ्याचं माउंट, मधल्या खिडकीत कागद. दिवाणखान्यात लावल्यावर पाहुण्यांना ती आधी आणि घरातली माणसं नंतर दिसत.

पाच वर्षांनी, मार्चच्या शेवटी, मंडळाच्या सचिव क्षमाताईंचा फोन आला. पाडव्याला सत्कार ठरला आहे, मानपत्रासाठी पेटंटचा नंबर हवा. मजकूर छापायला गेलाच होता, नंबराची जागा तेवढी रिकामी होती. मुलगी अवंतिका शाळेत शिकवून नुकतीच आली होती. तिने नंबर पडताळायला पेटंट कार्यालयाची साइट उघडली आणि तेच पान दोनदा वाचलं.

"बाबा, हे तर संपलं दाखवून राहिलं."

"काय संपलं?"

"पेटंट. दहाव्या वर्षाची फी नाही भरली म्हणे. चौदा ऑगस्ट बावीसपासून बंद."

"काहून बंद? वीस वर्षं लिहिलंय. काचेत लागलंय ते!"

अवंतिकेने वाचून सांगितलं. वीस वर्षं ही वरची हद्द. तिथपर्यंत पोचायचं तर तिसऱ्या वर्षापासून दर वर्षाची फी लागते. एक चुकली, वर सहा महिन्यांची सवलतही गेली, की पेटंट फीच्या तारखेलाच मेलेलं धरतात. मग यंत्र कोणीही बनवावं, कोणाला विचारायचं कारण नाही. फी अनवधानाने राहिली असं पटवून देता आलं तर ते पुन्हा जिवंत होतं. पण तो अर्ज दीड वर्षाच्या आत करावा लागतो.

"म्हणजे कधीपर्यंत?"

"चौदा फेब्रुवारीपर्यंत होतं."

सव्वा महिना उशीर झाला होता.

"फी तर तनय पाहत होता," अच्युतराव म्हणाले. "त्याला कुठून तरी नोटीस आली असेल, विसरला असेल पोरगं."

"पोरगं पस्तिशीला आलंय बाबा," अवंतिका म्हणाली आणि दुसरं पान उघडलं. तिथे पेटंटची फॅमिली होती. एकच शोध वेगवेगळ्या देशांत नोंदवला की त्या सगळ्या नोंदींना फॅमिली म्हणतात. पहिला अर्ज मूळपुरुष; त्याच्यापासून बारा महिन्यांत बाहेर अर्ज टाकला तर त्यालाही मूळ अर्जाच्या तारखेचा मान मिळतो. मात्र प्रत्येक देशाची फी वेगळी आणि मरणही वेगळं. मूळपुरुष गेला म्हणून बाकीच्यांना सुतकसुद्धा लागत नाही.

या फॅमिलीत भारत बंद होता. चीन आणि थायलंड ठणठणीत, ऑगस्ट २०३४पर्यंत. त्यांची वीस वर्षं २०१४च्या बाहेरच्या अर्जापासून मोजायची होती. मालक, तनयची कंपनी. शोधकर्ता, तनय.

अच्युतरावांना २०१४चा जुलै आठवला. तनय कागद घेऊन आला होता. "काका, वर्षाच्या आत बाहेर टाकावं लागते, नाहीतर दुनिया उचलून नेते." त्यांनी नऊ ठिकाणी सह्या केल्या होत्या. नर्मदाबाईंनी पोहे केले होते.

त्यांनी फोन लावला.

"तनय, आपलं पेटंट मेलं म्हणते अवंतिका."

"अरे हो काका, ते मिस झालं माझ्याकडून. सॉरी जी. पण इंडियात काय ठेवलंय? मशीन तर मीच बनवून राहिलो ना, घरातच आहे."

"मले विचारावं लागत होतं, बनवायच्या आधी."

"आता नाही लागत ना काका. झंझटच संपली."

"अच्छा. आणि चीनची फी? तीही मिस झाली?"



"ती तर ऑफिसमधून आपोआप जाते," तनय म्हणाला. "चलो काका, पाडव्याला भेटतोच. चीफ गेस्ट मीच आहे."

दुसऱ्या दिवशी अच्युतरावांनी फ्रेम भिंतीवरून काढली आणि काखेत मारून बड़ा फुहारा बाजारात, ती बनवणाऱ्या श्यामसुंदरच्या दुकानात नेली. संपूर्ण कागद त्यांनी कधी पाहिलाच नव्हता. तो घरात आला तोच काचेतून. श्यामसुंदरने मागचे खिळे काढले, माउंट उचललं. सोनेरी पुठ्ठ्याखाली, कागदाच्या तळाशी, दोन ओळी होत्या. हिंदीत होत्या, इंग्रजीतही होत्या. पेटंट टिकवायचं असल्यास नूतनीकरणाची फी चौदा ऑगस्टला आणि पुढे दर वर्षी त्याच तारखेला देय.

"हे काहून झाकलं?"

"मैंने तो बोला था साहब, सरकारी काग़ज़ है, पूरा दिखने दो," श्यामसुंदर म्हणाला. "भैया बोले, नीचे का दबा दो, जमता नहीं."

तनयने २०१९, २० आणि २१ अशी तीन वर्षं फी वेळेवर भरली होती, हेही नोंदवलं पाहिजे. माणूस घाईचा नव्हता.

नर्मदाबाई म्हणाल्या, सत्काराला जाऊ नका. अवंतिका म्हणाली, क्षमाताईंना सांगून टाका. क्षमाताई म्हणाल्या, "काका, छापून झालं हो आता, आणि स्टेजचा खर्चही तनयजींचाच आहे." अच्युतराव गेले. न जाण्याने तनयची सोय झाली असती.

तनयने शाल घातली, वाकून पाया पडला. मानपत्र वाचलं गेलं. दोन शब्द बोला म्हटल्यावर अच्युतरावांनी पिशवीतून प्रमाणपत्र काढलं, माउंटशिवायचं, चष्मा लावला आणि तळाच्या दोन ओळी मोठ्याने वाचल्या. तनयकडे पाहिलं. खाली बसले.

सभागृहाला वाटलं, सरकारी गौरवाचा मजकूर असावा. टाळ्या जोरात पडल्या. तनयनेही वाजवल्या, जरा उशिराने.

मानपत्र आता जुन्या फ्रेमच्या खिळ्यावर आहे. अवंतिकेने ते काढायला सांगितलं होतं. अच्युतराव म्हणाले, राहू दे, लोकांना तारीख दिसते. त्यावर हक्क १४ ऑगस्ट २०३३ पर्यंत अबाधित आहे. हक्क १४ ऑगस्ट २०२२ रोजी संपला. त्या दिवशी रविवार होता, आणि तनय अर्धा किलो जलेबी घेऊन जेवायला आला होता.