निंबाला टेकवलेला बांबू

"चल, भिल्लांच्या वस्तीवर जाऊ. मला कष्ट पाहिजेत. एकदम अस्सल." विकास फोनवर हेच बोलला, मी काही वाढवलेलं नाही. कॉलेजातला दोस्त. नवा डिजिटल कॅमेरा घेतलेला, औरंगाबादेत प्रदर्शन लावायचं होतं. फोटोखालचा मजकूर मी लिहायचा होता.

जालन्याहून जाफराबादची सकाळचीच एसटी पकडा, दुपारी पाय ठेवायला जागा नसते. स्टँडवर मिरचीभजी हाणून घ्या, पुढं पाण्याशिवाय काही मिळत नाही, अन् पाणीही विचारूनच घ्या. तिथून आम्ही रशीदचाचांची जीप केली. भाडं डिझेलसकट आधीच बोलून ठेवा.

कापूस संपला, सागाचं विरळ जंगल लागलं अन् नाल्याशी रस्ताच संपला. तिथं खडीचा ढीग, 'काम सुरू आहे'ची पाटी. ढिगातून बाभूळ उगवून माझ्या छातीला आल्ती. म्हणजे काम किती सुरू आहे ते बघा.

आम्ही उतरतोय तोच समोरच्या टेकाडावरून झोळी आली. बांबूला बांधलेलं घोंगडं, चार खांदे, आत कमल नावाची बाई, बाळंतपणाला अडलेली. शेजारी तिची सासू, गंगाबाई, जवळजवळ पळत. चाचांनी काही न विचारता आमच्या बॅगा खाली फेकल्या अन् मागचं दार उघडलं.

विकास नाल्यात उतरला. "थांबा, थांबा! थोडं मागं जा. परत उतरा, ऊन तोंडावर येऊ द्या!"

आणि ती माणसं थांबली. शहरातला कुणी ओरडला की थांबायचं, एवढंच त्यांना आजवर शिकवलंय. झोळीतून कण्हणं ऐकू येत होतं.

गंगाबाईनं विचारलं, "सायब, तुमी दवाखान्याचे का?"

"नाही, फोटोवाले."

"मंग कशाला थांबवून राह्यले? सरका!"

विकासला ढकलूनच त्यांनी नाला ओलांडला. कमल, तिचा नवरा, गंगाबाई जीपमधून गेले. बाकीचे तिघं गडी मागं राह्यले. त्यांनी घोंगडं सोडलं, झटकलं, अन् बांबू रस्त्याकडच्या निंबाला उभा टेकवला.

"आता एकदा खांद्यावर घ्या ना," विकास म्हणाला. "रिकामी चालेल."

त्यातला म्हातारा हसला. "रिकामी झोळी न्हाई उचलत आमी. बाई जित्ती गेली. पायानं परत आली की बांबू तीच घरी नेणार. तवर कोणी हात न्हाई लावायचा."

"आणि नाही आली तर?"

विचारलं त्यानं. खरंच विचारलं. म्हातारा पाठ करून निंबाखाली बसला. विकासनं खिशातून नोट काढली. म्हातारा वळलासुद्धा नाही. "लईच हौस असंल तर तूच बस झोळीत. तुला नेऊ, पण उलट्या दिशेनं, जंगलात."

चाचा परतले ते चिडूनच. जाफराबादला डॉक्टर जागेवर नव्हते, कमलला जालन्याला पाठवलं होतं.  परतीच्या वाटेवर एक वीटभट्टी दिसली. विकासनं जीप थांबवली. भट्टीवरची दोन माणसं, एक बांबू, त्याचं स्वतःचं ब्लँकेट. वजन पाहिजे म्हणून त्यानं जीपची स्टेपनी आत बांधली.

चाचा म्हणाले, "मेरी स्टेपनी को अभी बच्चा होगा क्या?"

मी उतरलो, रस्ता धरला अन् मिळेल त्या गाडीनं जालना गाठलं.

प्रदर्शनात तोच फोटो दारात, भिंतभर. लोक रुमाल काढून डोळे पुसून राह्यले होते. एक बाई म्हणाल्या, "केवढी वेदना आहे हो त्या आकारात!" टायरचा आकार होता तो, बाई. मी मजकूर एक ओळीचा दिला होता: 'आत जीपची स्टेपनी आहे.' विकासनं लावला नाही, म्हणून इथं लावतोय. वस्तीचं नाव सांगणार नाही, विचारू नका. जायचंच असेल तर गाडीची मागची सीट रिकामी ठेवून जा.

आमची दोस्ती तुटली, त्याचं काही नाही. पण मला झोप लागत नव्हती ती त्या बांबूपायी. शेवटी चाचांचाच फोन आला. भाडं घेऊन ते तिकडं गेल्ते.

"बांबू नहीं है उधर."

"कोणी चोरून नेला नसेल ना, चाचा?"

"पागल है क्या? उसको दुसरा कौन हात लगाता?"